पोलो, क्रिकेट आणि मैदानाची मालकी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली होती. महालक्ष्मी रेसकोर्सचा काही भाग सरकारनं पुन्हा क्लबलाच भाडेपट्ट्यानं दिला, तर शहराची मोकळी जमीन खासगी संस्थेला देण्यावरून मुंबईत पूर्वी कधी वाद झाला होता का, असा त्यांचा प्रश्न. झाला होता. चांगला दहा-बारा वर्षं चालला होता. आणि त्याचा जो निकाल लागला, तो अजून आपल्या डोळ्यांसमोर मरीन ड्राइव्हला उभा आहे.

आज आपण आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज अशी वेगवेगळी नावं घेतो. पण मुळात ही सगळी एकच मोकळी जमीन, एस्प्लनेड. किल्ल्यासमोर तोफांचा मारा करायला जागा मोकळी हवी, म्हणून कंपनीनं ती ठेवलेली. १८६०च्या दशकात बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत तटबंदी पाडली, पण मैदान बरंचसं राहिलं. तिथं पारशी पोरं क्रिकेट खेळायची. १८४८ साली त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, मग एकामागून एक क्लब निघत गेले. हिंदू मुलंही खेळायला लागली. क्लब म्हणजे काय, तर एक बॅट, दोन-चार चेंडू आणि सावलीसाठी एक तंबू. जमीन कुणाचीच नव्हती, म्हणजे सगळ्यांची होती.

१८७५ साली बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. तो फक्त युरोपियनांचा. याच मैदानाच्या दक्षिण टोकाला त्यांना जागा मिळाली, तिथं त्यांनी आपली हिरवळ जोपासली. इथपर्यंत ठीक होतं. पण जिमखान्याच्या मंडळींना पोलोही खेळायचा होता. आता घोडे घालून स्वतःची हिरवळ कोण खराब करून घेईल? मग पोलो कुठं, तर कुंपणाबाहेर, जिथं नेटिव्ह मुलं क्रिकेट खेळत होती तिथं. आठवड्यातून दोनदा. घोड्यांच्या टापांनी जमिनीला खड्डे पडायचे. दुसऱ्या दिवशी त्याच जमिनीवर टप्पा पडलेला चेंडू कुठं उसळेल, सांगता यायचं नाही. हेल्मेट, पॅड असली चैन नव्हती, बरं का.

१८८१ साली ४६० जणांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे गेला. (हो, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच.) यामागे पुढाकार होता शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटपटूचा. या गृहस्थांची चिकाटी विलक्षण. पुढे १८९७ साली त्यांनी पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिला, त्यात या लढ्याची हकीगत आहे, आणि पुस्तकाच्या नावातच ‘युरोपियन पोलो विरुद्ध नेटिव्ह क्रिकेट’ असे शब्द घातलेत. त्यांचा मुद्दा साधा होता. पोलो खेळणारे मूठभर, क्रिकेट खेळणारे शेकड्यांनी. मूठभरांकडे स्वतःचं राखीव मैदान आहे, शेकडोंना हे एकच. मग मूठभरांनी दोन्ही का वापरावीत?

सरकारला हे पटलं. १८८२ साली पोलो दुसरीकडे न्यायचा हुकूम निघाला. पण जिमखान्याचे सभासद कोण? सरकारी अधिकारी, लष्करातले लोक, बडे व्यापारी. म्हणजे ज्याच्याकडे दाद मागायची, तो संध्याकाळी त्यांच्याच बाजूच्या खुर्चीवर बसलेला! १८८३ साली निर्णय फिरला आणि घोडे परत आले. मग दुसरा अर्ज, या वेळी हजारावर सह्या. उपयोग झाला नाही.

गंमत अशी की याच काळात ही खड्ड्यांत शिकलेली पोरं खेळात पुढं निघाली. १८८६ साली पारशांचा संघ इंग्लंडला गेला. १८९० साली त्यांनी जी. एफ. व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला हरवलं, आणि तेही बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर. आता अर्ज केराच्या टोपलीत टाकणं अवघड झालं.

मग सरकारनं तोड काढली. माझ्या मते आजच्या विषयाची खरी गोम इथं आहे. पोलो हटवून सामायिक मैदान मोकळं करण्याऐवजी सरकारनं केनेडी सी फेसला, म्हणजे रेल्वेलाइन आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात, तुकडे पाडून दिले. १८८७ साली पारशी जिमखान्याला जागा मिळाली. मग मुसलमानांनी अर्ज केला, बद्रुद्दीन तय्यबजींसारखी माणसं पुढं होती, इस्लाम जिमखाना झाला. मग हिंदू जिमखाना, १८९४. तेव्हा गव्हर्नर होते लॉर्ड हॅरिस, स्वतः इंग्लंडचे कप्तान राहिलेले. त्यांचं धोरण असं की प्रत्येक जमातीला एक जिमखाना द्यायचा. त्यानंतर कुणी जागा मागितली तर सांगायचं, तुमच्या जमातीच्या जिमखान्यात जा.

बघा काय झालं. अर्जदारांनी मागितलं होतं सगळ्यांचं मैदान, आणि मिळाली आपापली कुंपणं. कुंपण आलं की सभासदत्व आलं, सभासदत्व आलं की कुणाला घ्यायचं हा प्रश्न आला. पळवणकर बाळूंसारखा गोलंदाज, पण चर्मकार. त्यांना हिंदू जिमखान्यात घेण्यावरूनही काहींनी कुरकुर केली होती. पुढे स्पर्धाही त्याच वाटण्यांवर उभ्या राहिल्या. १९०७ला तिरंगी, १९१२ला चौरंगी, १९३७ला पंचरंगी. धर्मावर संघ पाडायची ही पद्धत सोडा, असं गांधीजींनी १९४० साली सांगितलं. स्पर्धा १९४६ला बंद पडल्या, कुंपणं राहिली. त्यांच्यासमोर भराव पडून मरीन ड्राइव्ह झाला, आणि त्या हिरवळींवर आता लग्नाच्या पंगतीही बसतात.

आता चिठ्ठीतल्या महालक्ष्मीकडे येऊ. तिथं भाडेपट्टा १९१४चा. मुदती वाढत वाढत शेवटची ३१ मे २०१३ला संपली. त्यानंतरही शर्यती चालूच. २०२४मध्ये ठरलं की २११ एकरांपैकी १२० एकरांवर सार्वजनिक उद्यान करायचं आणि ९१ एकर क्लबला २०५३पर्यंत द्यायचे. १२० एकर ही लहान गोष्ट नाही, आणि ‘क्लब नसता तर तिथं कधीच टॉवर उभे राहिले असते’ म्हणणाऱ्यांचा मुद्दाही मी हसण्यावारी नेणार नाही. मुंबईत तसं झालेलं आपण पाहिलंय. पण प्रस्ताव मान्य की अमान्य, यावर मतदान केलं ते क्लबच्या सभासदांनी. मुंबईकरांना तसं कुणी विचारलं नाही. १८८१ साली निदान ४६० जणांनी न विचारताच सांगितलं होतं.

आणि त्यांचं ते मैदान? पोलो गेला, आझाद मैदान राहिलं. १९८८ साली हॅरिस शील्डच्या सामन्यात, हो, त्याच लॉर्ड हॅरिसच्या नावाची ढाल, शारदाश्रमच्या तेंडुलकर आणि कांबळींनी ६६४ धावांची भागी केली ती इथंच. रविवारी सकाळी जाऊन बघा, वीस-बावीस खेळपट्ट्या एकमेकींत घुसलेल्या, एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या पंचाशेजारी उभा. दक्षिणेकडच्या कुंपणापलीकडे जिमखान्याची हिरवळ रिकामी दिसते.

चला, प्रश्न घेऊया.