गुप्ते, रंगो बापूजी

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांचे लंडनमधील वकील आणि १८५७ च्या उठावातील साताऱ्याच्या कटाचे सूत्रधार. ते चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीतील होते. रोहिडखोऱ्याचे देशपांडे आणि शिवछत्रपतींचे सुरुवातीच्या काळातील सहकारी दादाजी नरसप्रभू गुप्ते हे त्यांचे पूर्वज.

पार्श्वभूमी : पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी त्यांच्याशी तह केला. ग्रँट डफ हा साताऱ्यातील इंग्रजांचा पहिला रेसिडेंट. प्रतापसिंहांच्या कारभाराची ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाने १८३५ मध्ये प्रशंसाही केली होती. पुढे जहागिरींवरील हक्कांवरून मुंबई सरकारशी त्यांचा वाद वाढला. हिंदी शिपायांना फितवणे, गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधणे असे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. गुन्हा कबूल केल्यास गादी राखू, असे मुंबईचा गव्हर्नर कारनॅक याने सांगितले. प्रतापसिंहांनी तो कबुलीजबाब देण्यास नकार दिला. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करून पुढे काशीला नेण्यात आले आणि त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादी मिळाली.

लंडनमधील कार्य : आपली बाजू थेट इंग्लंडमध्ये मांडण्यासाठी प्रतापसिंहांनी रंगो बापूजींना तिकडे पाठवले. तेथे ते १८५३ पर्यंत, म्हणजे सुमारे चौदा वर्षे राहिले. त्यांना छत्रपतींचा वकील म्हणून मान्यता देण्यास संचालक मंडळ तयार नव्हते. तेव्हा त्यांनी कंपनीच्या भागधारकांची सभा, पार्लमेंट आणि वृत्तपत्रे या मार्गांनी दाद मागितली. निवेदने लिहिली, इंग्रजी पत्रके छापून वाटली, कागदपत्रे जमवून सभासदांपुढे ठेवली. गुलामगिरीविरोधी वक्ते जॉर्ज थॉम्सन आणि पार्लमेंटचे सभासद जोसेफ ह्यूम त्यांच्या पाठीशी उभे राहिले. साताऱ्याचे माजी रेसिडेंट ब्रिग्ज, रॉबर्टसन आणि लॉडविक यांनीही प्रतापसिंहांचा पक्ष घेतला.

प्रतापसिंहांचे दिवाण गोविंदराव यांच्या आई गिरजाबाई यांच्या नावाने सरकारकडे गेलेल्या अर्जावर आरोपांचा मोठा भार होता. तो अर्ज आपणच रचल्याचे कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या इसमाने पुढे सांगितले. तरीही फेरचौकशीचे ठराव भागधारकांच्या सभेत नामंजूर झाले. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह काशीला वारले. एप्रिल १८४८ मध्ये शहाजीही वारले. दोघांनीही दत्तक घेतले होते. पण गव्हर्नर जनरल डलहौसीच्या राजवटीत दत्तकाचा हक्क नाकारून सातारा संस्थान खालसा झाले. त्यानंतरही रंगो बापूजींनी प्रतापसिंहांच्या दत्तक पुत्राच्या वतीने दावा चालू ठेवला. पैसा संपला, कर्ज झाले. अखेर १८५३ च्या शेवटी त्यांनी लंडन सोडले.

१८५७ चा उठाव : परतल्यावर सनदशीर मार्ग बंद झालेला पाहून त्यांनी सातारा परिसरात उठावासाठी माणसे जमवली. बेत आधीच फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड देण्यात आला : पाच जणांना फाशी, सहा जणांना तोफेच्या तोंडी आणि सहा जणांना गोळ्या घालून. फाशी गेलेल्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. सरकारने रंगो बापूजींना पकडून देण्यासाठी बक्षीस लावले, पण ते कधीच सापडले नाहीत.

मूल्यमापन : हिंदी संस्थानिकाच्या न्यायासाठी कंपनीच्या मुख्यालयाच्या दाराशी इतकी वर्षे ठाण मांडून बसलेला दुसरा मराठी मुत्सद्दी नाही. त्यांचे अपयश पुराव्याच्या उणिवेमुळे आले नाही. ज्या कंपनीविरुद्ध तक्रार होती, तिच्याच हाती निवाडा होता. प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ हा ग्रंथ लिहून त्यांचे कार्य मराठी वाचकांपुढे आणले. शिवकाळात स्वराज्याच्या उभारणीत असलेल्या घराण्याने ते स्वराज्य मिटताना अखेरचा दावा लढवला, हे त्यांचे इतिहासातील स्थान आहे.