आपल्या ओपन स्पेसची पंचवीस वर्षे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला 'संस्थेची आर्थिक वाटचाल' या विषयावर लिहायला सांगितले होते. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला दुसरे काय सांगणार! पण जमाखर्च दरवर्षी अहवालात छापला जातो आणि तो कोणी वाचत नाही, हे मी अकरा वर्षे कोषाध्यक्ष राहून पाहिले आहे. म्हणून या वेळी मी जागेचा इतिहास लिहितो. जागा म्हणजे आपल्या ले-आउटच्या मधोमध असलेली ओपन स्पेस. तिच्यासाठी सरकारी निधी मिळवण्याच्या खटपटीत आपली निम्मीअधिक वर्षे गेली. त्या खटपटीतून जे शिकलो, ते नव्या सभासदांना माहीत असावे एवढाच हेतू.

जुनी अमरावती परकोटाच्या आत होती. पेंढाऱ्यांच्या भीतीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा कोट उभा राहिला. आत कापसाचे आणि सावकारीचे वैभव होते, पण गल्ल्या अरुंद. मोकळी हवा घ्यायची तर दरवाजाबाहेर जायचे. पुढे इंग्रजांनी बाहेर कॅम्प वसवला. तलाव बांधले गेले ते पिण्याच्या पाण्यासाठी, फिरण्यासाठी नव्हे. आज वडाळी आणि छत्री तलावाकडे सकाळी फिरणाऱ्यांची रांग लागते, पण ती आपण नंतर शोधून काढलेली सोय आहे.

लोकांनी स्वतः उभ्या केलेल्या मोकळ्या जागेचे आपल्या गावातले मोठे उदाहरण म्हणजे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९१४ साली वैद्य बंधूंनी आखाड्यापासून सुरुवात केली आणि १९३६ मध्ये याच मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. ते मैदान टिकले, कारण रोज सकाळ-संध्याकाळ त्याला वापरणारा आणि झाडणारा माणूस होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

आता आपल्याकडे वळू. आपली संस्था २००० साली नोंदली गेली. ले-आउट चार हेक्टरचा, प्लॉट बासष्ट. नियमाप्रमाणे दहा टक्के जागा मोकळी सोडायची, म्हणजे चार हजार चौरस मीटर, जवळपास एक एकर. नकाशावर तो हिरव्या रंगाचा सुंदर चौकोन होता. प्रत्यक्षात बाभळी, गाजरगवत आणि दुपारी बसलेल्या म्हशी. पावसाळ्यात त्यातून घरी येताना चप्पल हातात घ्यावी लागे.

पहिला अर्ज आपण २००४ मध्ये केला. 'बगिचा व फिरण्याचा रस्ता करून मिळणेबाबत' असा विषय लिहून, सत्तावीस सह्या घेऊन आम्ही चौघे एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूंनी अर्ज उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "काकाजी, बगिचा मागून राहिले, पण जागा कोनाच्या नावानं हाय?" आम्ही एकमेकांकडे पाहायला लागलो. सातबारा काढला तर त्यावर मूळ शेतमालकाचेच नाव! प्लॉटची खरेदीखते झाली, घरे झाली, पण ओपन स्पेसकडे कोणी पाहिलेच नव्हते. मी स्वतः शेकडो लोकांची कर्जप्रकरणे टायटल नसल्याच्या शेऱ्यासह परत केलेली. माझ्याच संस्थेचे टायटल मी पाहिले नव्हते.

ते नाव दुरुस्त व्हायला चार वर्षे लागली. मूळ मालक वारले होते, वारस तीन गावी विखुरलेले. त्यातले एक काका म्हणाले, "आमची जमीन तर तुम्ही घेतलीच, आता सह्याही पायजेत काय?" तरी त्यांनी सही केली आणि चहाही पाजला. नाव लागले तेव्हा २००८ उजाडले होते. अनुदानाचा पहिला धडा हा की मागणीपत्राच्या आधी जागेचे कागद. सरकारी पैसा कोणाच्याही खाजगी जमिनीवर खर्ची पडू शकत नाही, आणि ते बरोबरच आहे.

निधी येतो कुठून, हेही तेव्हा आम्हाला नीट ठाऊक नव्हते. खासदार स्थानिक विकास निधी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाला. पहिल्या वर्षी प्रत्येक खासदाराला पाच लाख, पुढच्या वर्षी एक कोटी, १९९८-९९ पासून दोन कोटी आणि २०११-१२ पासून वर्षाला पाच कोटी. आमदारांचा निधी वेगळा. राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, २०१० साली, नगरोत्थान अभियान आले. २५ जून २०१५ रोजी केंद्राने 'अमृत' योजना आणली. एक लाखावर लोकसंख्येची पाचशे शहरे त्यात होती आणि अमरावती, अकोला दोन्ही त्यात बसली. २०११ च्या जनगणनेत अमरावती साडेसहा लाखांच्या जवळ आणि अकोला सव्वाचार लाखांवर होते. दहा लाखांखालच्या शहरांना प्रकल्पाची निम्मी रक्कम केंद्र देणार, उरलेली राज्य आणि शहराने घालायची.

पण त्या योजनेतला एक आकडा फार बोलका आहे. हिरव्या जागा आणि बगिच्यांसाठी तरतूद होती जास्तीत जास्त अडीच टक्के. शंभर रुपयांतले अडीच! बाकी पाणी, मलनिस्सारण, पावसाळी गटारे. त्यात गैर काही नाही. ज्या शहरात नळाला दिवसाआड पाणी येते तिथे बाकड्यापेक्षा पाइप आधी. मात्र त्या अडीच टक्क्यांत अख्ख्या शहराच्या ओपन स्पेस रांगेत उभ्या असतात, हे आपण विसरतो आणि "आपलंच काम का होत नाही" म्हणून चिडतो.

असो. आपले काम २०१२ मध्ये झाले, लोकप्रतिनिधींच्या निधीतून. सिमेंटच्या ठोकळ्यांचा गोल फिरण्याचा रस्ता, आठ बाकडी, चारी बाजूंनी कुंपण. जून महिन्यात साठ झाडे आपणच लावली: कडुनिंब, करंज, बहावा, कदंब. नारळ फुटला, फोटो निघाले, पेढे वाटले. माझ्या आयुष्यातला तो समाधानाचा दिवस होता.

पुढचे लिहायला जड जाते, पण इतिहास म्हटला की लिहिलेच पाहिजे. २०१३ चा उन्हाळा आला. आपल्याकडचा मे महिना म्हणजे सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर गेला. ओपन स्पेसमध्ये पाण्याची सोयच नव्हती. कोणी घातले, कोणी नाही. साठातली अकरा झाडे जगली. दोन वर्षांत ठोकळे उखडले, कुंपणाला भगदाड पडले, म्हशी परत आल्या. एका आजींचा पाय उखडलेल्या ठोकळ्यात अडकून मोडला आणि त्या पुन्हा फिरायला आल्या नाहीत.

लोक सरकारला नावे ठेवू लागले. मी गप्प होतो, कारण दोष माझा होता. २०१२-१३ चे अंदाजपत्रक मी तयार केले होते. त्यात प्रवेशद्वाराच्या कमानीला पंच्याऐंशी हजार होते आणि ओपन स्पेसच्या देखभालीला शून्य. शून्य! मला वाटले, बगिचा सरकारने दिला, तर तोच सांभाळेल. वास्तविक खासदार निधीच्या नियमांतच लिहिलेले असते की पैसा टिकाऊ मालमत्ता उभारण्यासाठी आहे आणि पुढची देखभाल वापरणाऱ्या यंत्रणेने करायची. आमच्याही मंजुरीच्या कागदात तशी अट होती. मी त्यावर सही केली होती, वाचले नव्हते. कर्जदाराला "सही करण्यापूर्वी वाचा" म्हणून सांगणारा मी!

डोळे उघडले ते अकोल्यात. लेकीकडे संक्रांतीला गेलो होतो, जानेवारी २०१८. अकोल्याच्या मधून वाहणारी मोर्णा नदी आपण सर्वांनी पाहिली आहे. एकेकाळी वर्षभर वाहणारी, पुढे जलकुंभी आणि सांडपाण्याने भरलेली. १३ जानेवारीला, भोगीच्या दिवशी, 'स्वच्छ मोर्णा' मोहिमेचा पहिला टप्पा झाला. चार किलोमीटरच्या पट्ट्यात चौदा ठिकाणी दोन्ही काठांवर सहा हजारांवर माणसे उतरली, शंभरावर संस्था, शाळा-कॉलेजची मुले, म्हातारे. प्रशासन पुढे होते, पण हात लोकांचे होते. २८ जानेवारीला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तिचा उल्लेख केला. मी काठावर उभा राहून पाहत होतो. शेजारचे एक गृहस्थ चिखलाने भरलेले. मी विचारलं, "निधी किती मिळाला?" ते हसले. "निधी येईन तवा येईन, काकाजी. तोवर हात त हायेत ना!" मग मीही पँट दुमडली. एका हिवाळ्याने मोर्णा कायमची स्वच्छ झाली असे कोणी अकोलेकर म्हणणार नाही. तेच तर म्हणणे आहे: नदी असो की बगिचा, एकदा करून भागत नाही.

आपल्या अमरावतीला हे नवीन नको. गाडगेबाबांची समाधी आपल्याच गावात. बाबा आधी खराटा हातात घेत, गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनात बोलत. धर्मशाळा त्यांनी लोकवर्गणीतून उभ्या केल्या, पण त्या चालवायची व्यवस्थाही लावून दिली. आपण बाबांची जयंती करतो, खराटा मात्र सफाईवाल्याच्या हाती देतो.

बाहेरच्या देशात काय आहे, हेही पाहिले. अमेरिकेत १९६५ पासून जमीन व जलसंवर्धनाचा एक राष्ट्रीय निधी आहे. समुद्रातल्या तेल-वायूच्या उत्पन्नातून तो भरला जातो आणि गावोगावच्या बगिच्यांना, पायवाटांना साधारण निम्मी रक्कम देतो. निम्मी गावाने घालायची. आपल्या बँकेच्या भाषेत मार्जिन मनी. आणि अट अशी की एकदा पैसा लागला की ती जागा कायम लोकांच्या मोकळ्या वापरासाठीच राहिली पाहिजे. आपल्याकडच्या 'अमृत'च्या सुधारणांच्या यादीतही दरवर्षी एक बालउद्यान आणि बगिच्यांच्या देखभालीत लोकसहभाग असे दोन मुद्दे होते. म्हणजे इथले आणि तिथले शहाणे लोक एकच सांगतात: तुमचा वाटा काय?

मोर्णेवरून परत आल्यावर आपण दर रविवारी सकाळी दोन तास श्रमदान सुरू केले. आधी पाच जण, मग बारा, कधी वीस. प्रत्येक प्लॉटला महिना पन्नास रुपये वर्गणी ठरली. बोअरवेल झाली. ठोकळे पुन्हा बसवले. आज ओपन स्पेसमध्ये सत्तेचाळीस झाडे उभी आहेत आणि बहावा एप्रिलमध्ये पिवळा होतो, हे आपण पाहतोच. मोडलेल्या पायाच्या त्या आजी आता नाहीत. त्यांच्या सुनेने एक बाकडे दिले.

आता पुन्हा प्रस्ताव द्यायची चर्चा सुरू आहे. बालउद्यान, ओपन जिम, कारंजे, रंगीत दिवे अशी यादी तयार झाली आहे. दुसरीकडे काही सभासद म्हणतात, तिथे हॉल बांधू, लग्नाला भाड्याने देऊ, उत्पन्न येईल. त्यांचा हेतू चांगला आहे. पण बगिच्यासाठी राखलेली जागा दुसऱ्याच कामाला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळूरच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. तिथे तर दवाखाना होणार होता, तरी परवानगी टिकली नाही. मग मंगल कार्यालयाचे काय घेऊन बसलात!

माझे म्हणणे दोन ओळींचे आहे. यादी लहान करा: पाण्याची पाइपलाइन, कुंपण आणि सपाट रस्ता. आणि अर्ज करण्याआधी देखभालीचा ठराव करा. हिशोब असा: अर्धवेळ माळी महिना सहा हजार, वीज एक हजार, रोपे-दुरुस्ती एक हजार, एकूण आठ हजार, वर्षाला शहाण्णव हजार. आज सर्वांनी वर्गणी भरली तरी सदतीस हजार दोनशे जमतात. तूट अठ्ठावन्न हजार आठशेची. बासष्ट प्लॉटने भागले तर वर्गणी पन्नासवरून एकशेतीसवर न्यावी लागते. एवढ्यात आज घरातले कोणते बिल भागते, ते सांगा!

हा ठराव येत्या वार्षिक सभेत येणार आहे. मी आता पदावर नाही, मत एकच आहे. २०१२ च्या अंदाजपत्रकात मी जे शून्य लिहिले, ते पुन्हा कोणी लिहू नये एवढी विनंती. सभेला या, आणि येताना रविवारी सकाळी सहाला खराटा घेऊनही या. मी असतोच.