मुखत्यारनामा आणि लोकसेवा : पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या घटनेचा एक विचार

एकोणिसाव्या शतकातील सार्वजनिक संस्थांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साधारणतः संस्थांनी केलेल्या ठरावांकडे, अर्जांकडे आणि त्यांतील थोर व्यक्तींकडे जाते. संस्था कशी चालत होती, तिचा सभासद कोण होऊ शकत होता आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाकडून येत होता, हे प्रश्न त्यामानाने मागे राहतात. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या बाबतीत मात्र हेच प्रश्न केंद्रस्थानी आहेत. सभेने स्थापनेच्या वेळी त्यांना एक स्पष्ट उत्तर दिले होते. त्या उत्तराचे सामर्थ्य दुष्काळात दिसले आणि त्याची मर्यादा १८९५ च्या निवडणुकीत उघड झाली.

सभेची स्थापना २ एप्रिल १८७० रोजी झाली. पर्वती देवस्थानच्या पंचांच्या कारभाराविषयी शहरात असंतोष होता. त्याची दाद लावण्यासाठी नागरिक एकत्र आले आणि त्यांतून लोक व सरकार यांच्यामध्ये कायम मध्यस्थी करणारी संस्था असावी, हा विचार पुढे आला. या विचाराला मूर्त रूप देणारे गणेश वासुदेव जोशी हे व्यवसायाने वकील होते. पुढे लोकांनी त्यांना ‘सार्वजनिक काका’ हे नाव दिले. औंधचे पंतप्रतिनिधी सभेचे पहिले अध्यक्ष झाले. म्हणजे प्रतिष्ठा संस्थानिकाची आणि काम वकिलाचे, अशी ही रचना होती. त्या काळाला ती धरूनच होती.

वेगळेपण होते ते सभासदत्वाच्या नियमात. किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणील, त्यालाच सभेत सभासद म्हणून बसता येत असे. आरंभी सुमारे सहा हजार लोकांच्या वतीने ९५ सभासद सभेत आले. सरासरी काढली तर एका सभासदामागे साठांहून अधिक सह्या पडतात. या नियमाचे महत्त्व कळण्यासाठी त्याआधीच्या संस्थांकडे पाहावे लागते. कलकत्त्याची ब्रिटिश इंडियन असोसिएशन १८५१ मध्ये व मुंबईची बॉम्बे असोसिएशन १८५२ मध्ये निघाली. या संस्थांचे सभासद वर्गणी भरून होत, आणि ती वर्गणी परवडणारा वर्ग जमीनदारांचा व शेठसावकारांचाच होता. पुण्याच्या सभेने पैशाच्या जागी सही ठेवली. ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ हा सरकारचा नेहमीचा आक्षेप होता. त्याला कचेरीत चालेल असे कागदी उत्तर तिने तयार केले. मुखत्यारनामा हा शब्दच कोर्टातला आहे. पक्षकार वकिलाला अधिकार देतो, त्याच धर्तीवर लोकांनी सभासदाला अधिकार द्यावा, ही कल्पना एका वकिलाला सुचावी यात नवल नाही.

अर्थात, ‘सार्वजनिक’ या विशेषणाचा अर्थ व्यवहारात मर्यादित होता. सभासदांत सरदार, इनामदार, सावकार, वकील आणि पेन्शनर यांचा भरणा होता, आणि ब्राह्मणांचे प्रमाण फार मोठे होते. सह्या करणारा वर्गही बहुतांशी शहरी होता. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. सार्वजनिक सभा नावाने सर्वांची असली तरी तीत शूद्रातिशूद्रांना स्थान नाही, अशी त्यांची टीका होती. ही टीका सभेच्या घटनेच्या मर्मावर बोट ठेवणारी होती. पन्नास सह्यांची अट सर्वांना सारखी दिसत असली, तरी सही करता येणे, सही मागायला जाता येणे आणि सभेत बरोबरीने बसता येणे, या तिन्ही गोष्टी समाजात सारख्या वाटल्या गेलेल्या नव्हत्या.

१८७१ च्या अखेरीस न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यास आले आणि सभेच्या कामाला शिस्त आली. सरकारी नोकरीमुळे ते पदाधिकारी झाले नाहीत. सभेच्या नावाने जाणाऱ्या लेखनामागे व चौकशीमागे त्यांचा विचार होता. जोशी आणि सीताराम हरी चिपळूणकर हे प्रत्यक्ष काम पाहत. कारभाराची ही पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. पदे एकाकडे आणि बौद्धिक नेतृत्व दुसऱ्याकडे, अशा विभागणीमुळे सभेला सरकारी यंत्रणेच्या आतले ज्ञान मिळाले. सरकारला मात्र तीत संशयाची जागा दिसली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले, तेव्हा हा संशय वाढला. रानडे यांची नाशिकहून धुळ्यास झालेली बदली त्याच काळातली. फडके यांच्या खटल्यात सार्वजनिक काका वकील म्हणून उभे राहिले. १८८० मध्ये त्यांचे निधन झाले.

या पहिल्या दशकात सभेने हाती घेतलेली कामे विविध होती. शेतकऱ्यांच्या स्थितीची गावोगाव चौकशी झाली, वाढीव जमीनमहसुलाविरुद्ध अर्ज गेले, आपसांतील तंटे कोर्टाबाहेर मिटवण्यासाठी लवाद नेमले गेले, देशी मालाच्या प्रसाराची खटपट झाली. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानचे प्रतिनिधी असावेत, अशी मागणी करणारा अर्ज सभेने १८७५ मध्ये पाठवला. १८७७ च्या दिल्ली दरबारास जोशी स्वतः विणवून घेतलेल्या जाड्याभरड्या देशी कापडाच्या पोशाखात गेले होते. १८७८ मध्ये सभेचे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. पुढे १८८७ पासून गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याचे संपादन केले.

परंतु सभेच्या कार्यपद्धतीची खरी कसोटी १८७६–७८ च्या दुष्काळात लागली. दख्खनच्या जिल्ह्यांत सभेने आपली माणसे पाठवली. पाऊस, पीक, धान्याचे भाव, गुरांची स्थिती, दुष्काळी कामांवरील मजुरी, गाव सोडून गेलेली कुटुंबे, यांची माहिती गोळा करून तिचे वृत्तान्त सभा सरकारकडे पाठवीत राहिली. हिंदुस्थान सरकारने पाठवलेले सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरीचे मान दिवसाला एक रत्तल धान्य व थोडे पैसे इथपर्यंत खाली आणले. तेव्हा १८७७ च्या आरंभी अनेक ठिकाणी मजुरांनी ही कामे सोडली. एवढ्या धान्यावर खडी फोडणारा माणूस जगू शकत नाही, हे सभेने सरकारपुढे मांडले. तिच्या निवेदनात करुणेची भाषा कमी आणि मोजमाप अधिक होते, म्हणून ते सहजासहजी बाजूला सारता आले नाही. मदत वाटणे हे लोकसेवेचे एक अंग. मदत किती अपुरी आहे याची नोंद ठेवणे हे तिचे दुसरे अंग, आणि सभेने ते फार लवकर ओळखले. येथे हेही लक्षात येते की, ज्यांच्याविषयी हे वृत्तान्त लिहिले गेले त्या मजुरांनी सभेला कोणताही मुखत्यारनामा दिलेला नव्हता. सहीने मिळालेला अधिकार शहरापुरता होता. खेड्यांत सभेने तो कामाने मिळवला.

या दोन प्रकारच्या अधिकारांची सांगड घटनेत कधी घातली गेली नाही, आणि पुढील संकटाचे बीज येथेच आहे. कोर्टात पक्षकाराला वकीलपत्र रद्द करता येते. प्रतिनिधीला जाब विचारण्याचा आणि वेळ पडल्यास तो बदलण्याचा असा अधिकार सह्या देणाऱ्यांच्या हाती कितपत राहिला, हे पाहू गेल्यास सभेचा पुढचा कारभार सभासदांच्या अंतर्गत निवडणुकांभोवतीच फिरताना दिसतो. मतभेद सौम्य होते तोवर याने काही बिघडले नाही. १८९० नंतर सामाजिक सुधारणेचा वाद तीव्र झाला, आणि जुलै १८९५ च्या वार्षिक निवडणुकीत बाळ गंगाधर टिळक यांच्या पक्षाने व्यवस्थापक मंडळात बहुमत मिळवले. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यास काँग्रेसचे अधिवेशन होते. काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरू द्यावी की नाही, यावरून शहर दुभंगले. रानडे यांनी परिषद अन्यत्र भरवली. १८९६ मध्ये रानडे, गोखले आणि त्यांचे सहकारी यांनी डेक्कन सभा ही निराळी संस्था काढली. या सर्व वादात दोन्ही पक्ष लोकांच्या नावाने बोलत होते. ज्या लोकांच्या सह्यांवर सभा उभी राहिली होती, त्यांचा कौल मात्र कोणी घेतला नाही.

टिळक पक्षाच्या हाती आलेल्या सभेचे पहिले मोठे कामही दुष्काळाचेच होते. १८९६ च्या दुष्काळात तिचे कार्यकर्ते ठाणे, कुलाबा, खानदेश अशा जिल्ह्यांत फिरले. मधल्या काळात १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून दुष्काळसंहिता तयार झाली होती. पीक बुडाले असता सारा तहकूब किंवा माफ होऊ शकतो आणि तो मागणे हा रयतेचा हक्क आहे, असे हे कार्यकर्ते मराठीतून सांगू लागले. वीस वर्षांतील बदल येथे नेमका दिसतो. १८७७ मध्ये सभा शेतकऱ्याची हकीकत सरकारला सांगत होती. १८९६ मध्ये ती सरकारचा कायदा शेतकऱ्याला सांगू लागली. माहिती तीच आणि तिचा विषयही तोच, पण ऐकणारा बदलला. पहिले काम सरकारने नाराजीने का होईना चालू दिले. दुसऱ्यासाठी कार्यकर्त्यांवर खटले झाले. सार्वजनिक प्रश्नांवर सरकारला निवेदन करणारी संस्था म्हणून सभेला असलेली मान्यता मार्च १८९७ मध्ये काढून घेण्यात आली.

हा प्रसंग टिळक व गोखले यांच्या मतभेदाचा एक अध्याय म्हणून बहुधा सांगितला जातो. संस्थेच्या घटनेच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा आहे. मध्यस्थाचे अस्तित्व दोन बाजूंच्या मान्यतेवर टिकते. एका बाजूची मान्यता सरकारने काढली, तेव्हा दुसरी बाजू, म्हणजे सह्या देणारे लोक, सभेच्या पाठीशी संघटितपणे उभे राहण्याची सोय घटनेत असायला हवी होती. ती सोय सवडीच्या काळात झाली नव्हती, आणि संकटाच्या काळात होणे शक्य नव्हते.

गोखले यांनी यातून काय घेतले, हे १२ जून १९०५ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या भारत सेवक समाजाच्या रचनेत पाहता येते. येथे सह्यांची अट नव्हती. सभासदाने सात शपथा घ्यायच्या, अल्प निर्वाहवेतनावर आयुष्य देशकार्याला वाहायचे आणि पहिल्या सभासदाच्या मार्गदर्शनाखाली दीर्घ उमेदवारी करायची, असा नियम होता. अधिकाराचा उगम लोकांच्या संमतीतून काढून सेवकाच्या व्रतात आणला गेला. अशी संस्था बाहेरून काबीज करता येत नाही. मात्र तिचे सभासद नेहमीच थोडे राहतात. योगायोगाने त्याच वर्षी, २३ फेब्रुवारी १९०५ रोजी, शिकागोत रोटरीचा पहिला मेळावा भरला, आणि १९१९ मध्ये ती चळवळ कलकत्त्यास पोहोचली. तिच्या घटनेत अधिकाराचा आधार व्यवसाय हा होता. आरंभी एका क्लबात प्रत्येक व्यवसायाचा एकच प्रतिनिधी असे, आणि अध्यक्ष दरवर्षी बदलतो. सही, व्रत आणि व्यवसाय हे लोकसेवी संस्थांच्या सभासदत्वाचे तीन निरनिराळे पाये म्हणता येतील. पहिल्यात लोकांचा आधार आहे, दुसऱ्यात सातत्य आहे, तिसऱ्यात पदांना चिकटून राहण्यावर बंधन आहे. ज्याची सेवा करायची त्याला सेवकाकडे हिशोब मागण्याची कायम जागा मात्र शेवटच्या दोन नमुन्यांत नाही. पहिल्यात ती होऊ शकत होती.

महाराष्ट्रातील सेवासंस्था आज १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली व १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली चालतात. धर्मादाय आयुक्तांकडे जमाखर्च जातो, विश्वस्तांतील बदल नोंदवले जातात. पैशाचा जाब विचारण्याची ही व्यवस्था आवश्यकच आहे. १८७० च्या पन्नास सह्यांचा प्रश्न त्याहून वेगळा होता. त्यात पैशाचा नव्हे, तर प्रतिनिधित्वाचा जाब होता. ज्या नियमाने सार्वजनिक सभेला इतर संस्थांहून वेगळे केले, तो नियम तिने प्रवेशद्वारापाशीच ठेवला, कारभारात पुढे नेला नाही. तिच्या यशाइतकाच हा अपुरेपणाही संस्थाजीवनाच्या अभ्यासकाने मोलाचा मानला पाहिजे.