स्थिर छायाचित्रांचा प्रायोगिक चित्रपटांतील वापर

स्वतः न हलणारी छायाचित्रे काल, क्रम, ध्वनी व संकलन यांच्या साहाय्याने पडद्यावर मांडून त्यांतून चित्रपट घडविण्याची पद्धती. अनुबोधपटात या छायाचित्रांचा उपयोग मुख्यतः पुरावा म्हणून होतो. प्रायोगिक चित्रपटात मात्र छायाचित्र आणि चलच्चित्र यांचे नातेच तपासले जाते.

वस्तुतः स्थिर चित्र हाच चित्रपटाचा मूळ घटक होय. बोलपटात दर सेकंदास २४ चौकटी पडद्यावर येतात. म्हणजे दहा मिनिटांच्या चित्रपटात १४,४०० चौकटी असतात व त्यांतील प्रत्येक चौकट स्थिर असते. लगतच्या चौकटींमधील अल्प फरकामुळे गतीचा भास होतो. सर्वसाधारण चित्रपट हा मूळचा स्थिरपणा झाकतो. प्रायोगिक चित्रपट तो दोन प्रकारे उघड करतो. एक म्हणजे, दोन चौकटींच्या चित्रणामधील काळ वाढवून. आणि दुसरा म्हणजे, एकच छायाचित्र अनेक चौकटींवर घेऊन. एखादे छायाचित्र पडद्यावर आठ सेकंद ठेवावयाचे, तर ते १९२ चौकटींवर यावे लागते. पहिल्या प्रकारात काळ आक्रसतो, तर दुसऱ्यात तो थांबतो.

पूर्वपीठिका : स्थिर चित्रांतून गती निर्माण करण्याचा खटाटोप महाराष्ट्रात चित्रपटाच्या आगमनापूर्वीच सुरू झाला होता. ठाणे जिल्ह्यातील कल्याण येथे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले. काचपट्ट्यांवर हातांनी रंगविलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर पाडून व ती कौशल्याने बदलून पौराणिक प्रसंग सजीव केले जात. ही चित्रे छायाचित्रे नव्हती. तथापि स्थिर चित्रांच्या क्रमातून कथा सांगण्याची रीत येथे प्रेक्षकांच्या अंगवळणी पडली. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूम्येअर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्यानंतर १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रण करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मूळचे व्यवसायाने छायाचित्रकारच होते.

दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनीही छायाचित्रण व मुद्रण हे दोन्ही व्यवसाय केले होते. इंग्लंडहून १९१२ मध्ये कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्यासमोर तो स्थिर ठेवला आणि ठराविक अंतराने एकेक चौकट घेत रोपाची वाढ चित्रित केली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लघुपटामुळे भांडवल पुरविणाऱ्याची खात्री पटली व ‘राजा हरिश्चंद्र’चा (१९१३) मार्ग मोकळा झाला. उघड्या डोळ्यांना कधीही न दिसणारी गती सुट्या चौकटींतून दाखविता येते, हे या प्रयोगाने सिद्ध केले. आगकाड्यांना चालते करणारा त्यांचा ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५) हा लघुपट याच तत्त्वावर आधारलेला होता.

फिल्म्स डिव्हिजनमधील प्रयोग : मुंबईतील फिल्म्स डिव्हिजन या १९४८ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय संस्थेत (ही पुढे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली) या दोन्ही प्रकारांचा विकास झाला. चरित्रपटांत छायाचित्रे अनिवार्यच असत. सत्यजित राय यांचा ‘रवींद्रनाथ टागोर’ (१९६१) हा ५४ मिनिटांचा अनुबोधपट आणि विठ्ठलभाई झवेरी यांचा पाच तासांहून अधिक लांबीचा गांधीचरित्रपट (१९६८) ही त्याची ठळक उदाहरणे होत. चेकोस्लोव्हाकियात बाहुलीपटांचे शिक्षण घेतलेले प्रमोद पती (१९३२–७५) यांनी मात्र जिवंत माणसालाच स्थिर चित्राप्रमाणे वापरले. ‘आबिद’ (१९७२) या लघुपटात चित्रकार आबिद सुरती यांची आकृती एकेका चौकटीत टिपली असून, मधल्या हालचाली गाळल्यामुळे ती खोलीत धक्क्याधक्क्याने सरकताना दिसते. त्यांच्या ‘ट्रिप’मध्ये (१९७०) हेच तंत्र मुंबईच्या दैनंदिन जीवनाला लावलेले आहे. याच सुमारास चित्रकार अकबर पदमसी यांनी सुमारे एक हजार रेखाटनांतून ‘सिझिजी’ (१९७०) हा मूकपट घडविला. त्यात छायाचित्राची जागा रेषेने घेतली.

स्थिर छायाचित्राचा सर्वांत निग्रही वापर फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्कर याच्या ‘ला जते’ (१९६२) या २८ मिनिटांच्या चित्रपटात आढळतो. तो जवळजवळ पूर्णतः छायाचित्रांचा बनलेला असून एका निद्रिस्त स्त्रीने डोळे उघडण्याचा क्षण तेवढा चलच्चित्रात आहे. भोवतालच्या निश्चलतेमुळे पापण्यांची ती क्षुल्लक हालचाल संपूर्ण चित्रपटाचा कळस ठरते.

तंत्र व मर्यादा : छायाचित्र सपाट मेजावर ठेवून वर बसविलेल्या कॅमेऱ्याने त्याचे चित्रण करतात. कॅमेरा जवळ आणून, दूर नेऊन किंवा छायाचित्र सरकवून पाहणाऱ्याची दृष्टी वळविता येते. सभेच्या छायाचित्रात प्रथम एक चेहरा दाखवून मग समुदाय उलगडला, तर व्यक्ती हे कारण व समुदाय हा परिणाम वाटतो. क्रम उलटा केल्यास ती व्यक्ती समुदायातून घडल्यासारखी भासते. मूळ छायाचित्र दोन्ही वेळी तेच असते. चौकटीबाहेर काय ठेवले, निवेदन कोणते जोडले आणि चित्र किती वेळ दाखविले, यांवर त्याची साक्ष बदलते. अनुबोधपटात छायाचित्र सहसा निर्विवाद मानले जाते; ही साक्ष घडविली जात असते याची जाणीव प्रेक्षकाला करून देणे, हे प्रायोगिक चित्रपटाचे महत्त्वाचे कार्य होय.

छायाचित्र हा पुष्कळदा चित्रपटाचा अखेरचा अवशेषही ठरतो. सेर्गे आयझेनस्टाइनच्या ‘बेझिन मेडो’चे काम १९३७ मध्ये थांबविण्यात आले व पुढे तो नष्ट झाला. तथापि त्याच्या दृश्यांतून कापून जपलेल्या सुट्या चौकटी क्रमाने लावून १९६० नंतरच्या दशकात सुमारे अर्ध्या तासाचा स्थिरचित्रपट तयार करण्यात आला. मुंबईत निर्माण झालेल्या ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. तो आज छायाचित्रे व जाहिरातींवरूनच माहीत आहे. भारतीय मूकपटांपैकी बहुतेकांची स्थिती अशीच आहे. पुणे येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने फितींबरोबरच स्थिरचित्रे, पुस्तिका व भित्तिपत्रके जमविली, याचे महत्त्व यावरून स्पष्ट होते. अशी स्थिरचित्रे पुन्हा पडद्यावर मांडताना मधली गती कल्पनेने भरून न काढता त्यांमधील रिकाम्या जागा तशाच दिसू द्याव्या लागतात; कारण काय हरवले आहे, हे त्या जागाच दाखवितात.