२८ एप्रिल १९४४ : एका रंगीत तालमीची गोष्ट

स्मरणिकेसाठी ज्याने त्याने आवडीच्या विषयावर लिहावं, असा निरोप ग्रुपवर आला, तेव्हा बहुतेकांना वाटलं असेल की मी संगणकाबद्दल लिहीन. पण मला गणिताइतकाच इतिहासही आवडायचा, हे आमच्या इतिहासाच्या बाईंना नक्की आठवत असेल. म्हणून हा लेख इतिहासावर.

सुरुवात आपल्या पुण्यापासूनच करते. खडकवासल्याच्या जलाशयाकाठी एनडीए आहे, हे सर्वांना माहीत आहे. तिथे ती का झाली, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात याच तलावाच्या उत्तर काठावर सैन्याचं प्रशिक्षण केंद्र होतं. तिथे ‘एच.एम.एस. अँगोस्टुरा’ नावाचं एक नकली जहाज उभारलेलं होतं. जहाजातून उतरून शत्रूच्या किनाऱ्यावर कसं धडकायचं, याचा सराव जवान तिथे करत. समुद्रापासून इतक्या लांब, सह्याद्रीच्या कुशीत समुद्री हल्ल्याचे धडे! पुढे प्रबोधिनीसाठी जागा निवडताना ही तयार व्यवस्था उपयोगी पडली.

असे सराव त्या काळात जगभर चालले होते. त्यातल्या एका सरावाची ही हकिगत.

१९४४च्या जून महिन्यात दोस्त राष्ट्रांना फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरायचं होतं. त्यातल्या ‘युटा’ किनाऱ्याशी मिळताजुळता किनारा इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सापडला. त्याचं नाव स्लॅप्टन सँड्स. १९४३च्या अखेरीस तिथल्या गावांतल्या सुमारे ३,००० लोकांना काही आठवड्यांत घरदार, शेती, गुरंढोरं हलवायला सांगितलं गेलं. जमीन संपादनाची नोटीस म्हणजे काय, हे आपल्या मोशी-चाकण पट्ट्यातल्या घरांना वेगळं सांगायला नको.

स्नेहसंमेलनाच्या आधी आपण रंगीत तालीम करायचो, तशीच ही युद्धाची रंगीत तालीम होती. नाव ‘एक्सरसाइज टायगर’. २८ एप्रिलच्या पहाटे आठ मोठी अमेरिकी जहाजं एका रांगेत लाइम उपसागरातून स्लॅप्टनकडे निघाली होती. या जातीच्या जहाजांना एल.एस.टी. म्हणत. रणगाडे पोटात घेऊन थेट वाळूवर उतरवणारी ही जहाजं इतकी मंद होती, की त्या तीन अक्षरांचा अर्थ ‘मोठं, सावकाश जाणारं लक्ष्य’ असा आहे, अशी चेष्टा खलाशीच करत. जहाजांवरचे बरेचसे जवान आघाडीवर लढणारे नव्हते. रस्ते बांधणारे, रसद पोचवणारे, अभियांत्रिकी तुकड्यांमधले असे ते लोक होते.

रात्री दोनच्या सुमारास नऊ जर्मन ई-बोटी फ्रान्सच्या शेरबुर्ग बंदराकडून आल्या आणि त्यांनी या रांगेवर पाणतीर सोडले. दोन जहाजं बुडाली, तिसऱ्याचा मागचा भाग उद्ध्वस्त झाला, तरी ते कसंबसं बंदराला लागलं. या हल्ल्यातल्या मृतांचा सर्वाधिक सांगितला जाणारा आकडा ७४९ आहे. ६ जूनला खुद्द युटा किनाऱ्यावर उतरताना जेवढे जवान गेले, त्याहून कितीतरी जास्त या तालमीत गेले.

हे सगळं वाचताना माझ्यातली इंजिनिअर जागी झाली, कारण यात शत्रूच्या पराक्रमाइतकाच वाटा साध्या चुकांचा आहे.

पहिली चूक कागदावरची. टंकलेखनातल्या चुकीमुळे आदेशात रेडिओची फ्रिक्वेन्सी वेगळीच पडली. त्यामुळे अमेरिकी जहाजं एका फ्रिक्वेन्सीवर आणि ब्रिटिश नौदलाचं किनाऱ्यावरचं मुख्यालय दुसऱ्या. दुसरी चूक संरक्षणातली. सोबत दोन ब्रिटिश युद्धनौका हव्या होत्या, पण त्यातली ‘सिमिटार’ आधीच्या टकरीत खराब होऊन दुरुस्तीसाठी प्लिमथला गेली होती आणि हे जहाजांना कळलंच नव्हतं. तिसरी चूक मला सर्वांत जास्त खुपते. ई-बोटी दिसल्याची सूचना ‘अझेलिया’ या उरलेल्या युद्धनौकेला मिळाली होती. तिच्या कप्तानाने धरून चाललं, की अमेरिकी जहाजांनाही ती मिळाली असेलच. ती मिळालेली नव्हती.

चौथी चूक प्रशिक्षणातली. फुगवायचे जीवरक्षक पट्टे सगळ्यांकडे होते, पण ते काखेखाली बांधायचे हे अनेकांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी ते कमरेला बांधले. पाठीवरच्या जड बोज्यामुळे पाण्यात माणसं उलटी झाली, डोकं खाली आणि पाय वर. बाकीचे कितीतरी गारठून गेले. उरलेल्या जहाजांना पुढे निघून जायचा हुकूम होता. तो मोडून कप्तान जॉन डॉयल यांनी आपलं जहाज मागे वळवलं आणि शंभराहून अधिक जणांना पाण्यातून काढलं.

नंतर गुप्ततेचा पडदा पडला. स्वारीची योजना फुटू नये म्हणून वाचलेल्यांना तोंड बंद ठेवायचा हुकूम झाला. इस्पितळात जखमींना काही विचारायलाही मनाई होती. स्वारीनंतर उन्हाळ्यात अधिकृत माहिती दिली गेली, पण नॉर्मंडीच्या बातम्यांच्या गर्दीत तिकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही. १९८४मध्ये केन स्मॉल नावाच्या स्थानिक हॉटेलवाल्याने समुद्रतळावरचा एक शर्मन रणगाडा स्वतः खटपट करून बाहेर काढला. आज तो तिथे स्मारक म्हणून उभा आहे. मेलेल्यांच्या घरच्यांना फूल वाहायला जागा मिळायला ४० वर्षं लागली.

सैन्याने मात्र धडे लगेच गिरवले. रेडिओच्या फ्रिक्वेन्सी एकसारख्या केल्या, जीवरक्षक पट्टा कसा बांधायचा हे शिकवलं, पाण्यात पडलेल्यांना उचलायला लहान बोटी ठेवल्या. सहा आठवड्यांनी नॉर्मंडीला त्याचा उपयोग झाला.

योगायोग असा, की त्याआधी दोनच आठवडे, १४ एप्रिल १९४४ला, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे दारूगोळ्याने भरलेलं जहाज फुटलं. त्यात ६६ अग्निशामक जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. भोसरी, तळवडे, चाकणच्या कंपन्यांत त्या आठवड्यात मॉक ड्रिल होतं ते यामुळेच.

आपल्या बॅचमधले कितीतरी जण आज या पट्ट्यात शॉपफ्लोअर सांभाळतात, काही सेफ्टी ऑफिसर आहेत, काही जणी शाळेत शिकवतात. माझ्या ऑफिसातही भोंगा वाजतो, आम्ही गप्पा मारत जिने उतरतो, हजेरी होते, फोटो निघतो आणि सगळे चहाला जातात. तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच होत असणार. पुढच्या वेळी फोटोच्या आधी एवढंच विचारा : भोंगा कोणाला ऐकू आला नाही? मागच्या शेडमधल्या कंत्राटी कामगारांना जमायची जागा कोणी दाखवली होती का? आणि ‘त्यांना कळलं असेलच’ असं कोणी म्हणालं, तर स्वतः चालत जाऊन बघून या.