पाव्हण्यांचं घर

खाडीच्या एका अंगाला कल्याणचा दुर्गाडी किल्ला आणि दुसऱ्या अंगाला आमचं कोन. भिवंडी तालुक्यातलं हे गाव आता कल्याण-भिवंडी रस्त्याच्या गर्दीत शोधावं लागतं. पण गणपती आले की गावाचा जुना स्वभाव वर येतो. नोकरीपायी बाहेर गेलेली पोरं, लेकी-जावई, नातवंडं, व्याही सगळे हजर. आम्हा आगऱ्यांच्या घरात त्या दिवसांत पंचवीस-तीस माणूस सहज असतं. एवढ्यांना पूर्वी विजेवाचून घर कसं पुरायचं, ते लिहून ठेवायला पाहिजे. कारण तसली घरं आता गावात थोडीच राहिलीत.

आजोबांच्या वेळी भिंती कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या आणि वर भाताचा पेंढा. पेंढ्याखाली ऊन पोचत नसे, पण उंदीर आणि आगीची भीती कायम. दरसाल शाकारणी करावी लागे ती वेगळीच. पुढं नळीची कौलं आली, मग मंगळुरी. बासेल मिशनच्या लोकांनी 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ती कौलं किनाऱ्यानं सगळीकडं पसरली. कौलाचा मोठा गुण असा की दोन कौलांमध्ये फट राहते. गरम हवा वर चढते आणि फटीतून निघून जाते. घर आपलं आपणच श्वास घेतं.

घराची मांडणीही तशीच. पुढं ओटा, मग पडवी, मग माजघर, मागं पुन्हा पडवी. पुढचं आणि मागचं दार एका रेषेत. संध्याकाळी खाडीवरचा वारा एका दारातून शिरून दुसऱ्या दारातून जायचा. कोणी पोरानं दार लावलं तर आजी ओरडायची, "दार उघरं ठेव रं, घरान वारा येव दे." पुरुष ओट्यावर झोपत, बाया-पोरं माजघरात, म्हातारी माणसं दाराजवळ. मोदकांचं पातेलं मागच्या पडवीतल्या चुलीवर चढायचं, माजघरात कधीच नाही. वाफ आणि धग बाहेरच्या बाहेर जायची. भाकऱ्या उजाडायच्या आत थापून व्हायच्या.

हे सगळं वाऱ्यावर का बांधलं होतं, त्याला कारण आहे. विदर्भात उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे भिजवतात, कूलर लावतात. तिथली हवा कोरडी, पाणी चटकन उडतं आणि उडताना गारवा देतं. आमच्या खाडीकाठी हवा आधीच पाण्यानं भरलेली. गणपतीत तर माठसुद्धा धड गार होत नाही. इथं अंगावरचा घाम वाळवायला हलती हवाच पाहिजे.

वीज तशी आमच्या जवळच होती. खाडीपलीकडं ठाकुर्लीला रेल्वेनं 1929 साली चोळा वीजघर चालू केलं. आजोबा सांगायचे, आगगाडी विजेवर पळायची आणि आमच्या घरात कंदील. 1960 साली राज्याचं वीज मंडळ झालं. आमच्या घरी पहिला दिवा लागला तेव्हा मी चौथीत होतो. त्या वर्षी गणपतीला भाड्याची गॅसबत्ती आणली नाही, एवढाच फरक पडला. पाव्हण्यांना गारवा द्यायचं काम पुढं कितीतरी वर्षं वाऱ्याकडंच होतं.

मग जमिनींचे पैसे आले आणि गावात स्लॅब पडू लागले. आमचंही कौलारू गेलं. स्लॅबचं घर पक्कं, गळत नाही, शाकारणी नाही. पण काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री आपल्या अंगावर ओततं. 2005 नंतरच्या भारनियमनात ते कळलं. ऐन गणपतीत पंखे बंद पडले की आमचे पाव्हणे उशा घेऊन शेजारच्या जुन्या घराच्या ओट्यावर जायचे. यजमान आम्ही आणि झोप शेजाऱ्याकडं!

आता बहुतेक घरांत एसी आहे. तरी गणपतीत तक्रार तीच, गार होत नाही. साधा हिशेब आहे. माणूस स्वस्थ बसला तरी शंभर वॅटच्या बल्बाएवढी उष्णता टाकतो. तीस माणसं म्हणजे तीन हजार वॅट. दीड टनाचा एसी पाचएक हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. निम्म्याहून जास्त ताकद माणसांतच संपते. वर दर्शनाला दार उघडं, आत मोदकांची वाफ, मखराला हॅलोजन. तो थांबणार कधी? न थांबता चालला तर तासाला दीडेक युनिट खातो. आणि घरगुती बिलाचा दर 100, 300, 500 युनिटांच्या टप्प्यानं चढतो.

आमच्या घरी आता जुन्याच रीती नव्या घरात आणल्यात. गच्चीला चुना मारला, ऊन परततं. भिंतींत वरच्या अंगाला जाळ्या ठेवल्यात, कौलाच्या फटीचं काम त्या करतात. मोदक मागच्या शेडमध्ये. मखराला एलईडी, 60 वॅटच्या बल्बाचं काम 9 वॅटमध्ये. जुना पंखा 75 वॅटचा, नवा बीएलडीसी तिसेक वॅटचा. पाच पंखे रोज दहा तास फिरले तर दहा दिवसांत साडेसदतीस युनिटांऐवजी पंधरा होतात. एसी फक्त म्हाताऱ्यांच्या नि तान्ह्यांच्या खोलीत, दार लावून, 26 वर, जोडीला पंखा. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं सरकारचा ऊर्जा विभागच सांगतो. बाकीच्यांना दारं उघडी आणि पंखे.

हे पैशांसाठी आहेच. पण त्याहून मोठं एक आहे. मागं एका घरी ऐकलं, "यंदा दीड दिवसाचाच बसवू, माणसं फार येतात, बिल फार येतं." पेंढ्याच्या घरात कोणी असं म्हटल्याचं मला आठवत नाही. तिथं धान्याची चणचण असे, पण झोपायला जागा नि वारा फुकट होता. घर असं बांधलं की माणूस वाढला तरी खर्च फारसा वाढत नाही, तर पाव्हणा जड होत नाही. आत्याची नात नि मामाचा पणतू एकमेकांना ओळखतात ते या चार दिवसांमुळं. नवं घर बांधणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगतो, टाइल कुठली लावायची ते मागाहून ठरवा, आधी वारा कुठून येतो ते बघा.