वेगळी चूल मागणारा लोकनायक

कन्हान नदी छिंदवाड्याकडच्या सातपुड्यात उगम पावते, डोंगर उतरून नागपूर जिल्ह्यात शिरते, आमच्या गावाच्या अलीकडे पेंच नदीला पोटाशी घेते आणि पुढे भंडारा जिल्ह्यात वैनगंगेला जाऊन मिळते. या साऱ्या प्रवासात तिने कधी कोणाला परवाना दाखवला नाही. मात्र ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत उगमापासून संगमापर्यंत ती एकाच राज्यातून वाहत होती आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. दुसऱ्या दिवशी तिचे माहेर एका राज्यात राहिले आणि सासर दुसऱ्या राज्यात गेले. माहेरच्या राज्याची राजधानी झाली भोपाळ, सासरच्या राज्याची मुंबई. ज्या नागपूरला कन्हान आजही पाणी पाजते, त्या नागपूरच्या हाती राजधानीचे वाडे तेवढे उरले.

मी कन्हानचा रहिवासी. या उलथापालथीत आपले म्हातारपण पणाला लावणाऱ्या एका माणसाविषयी मला आज लिहावयाचे आहे. त्याचे नाव लोकनायक माधव श्रीहरी अणे. आमच्याकडची जुनी माणसे 'बापूजी' म्हणत, आणि तेवढ्यावर कोण ते सर्वांना कळे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना पहिल्यानेच एक विनंती आहे. वेगळ्या विदर्भाचे नाव निघताच कपाळाला आठ्या घालून पान उलटू नये. ज्या संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी प्राण वेचले, त्यातून फुटून निघण्याची भाषा कोणी करावी हे कानाला गोड लागणार नाही, हे मला समजते. परंतु ती भाषा करणारा माणूस कोण होता, हे तरी समजून घेण्यास काय हरकत आहे?

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, यवतमाळ जिल्ह्यातील वणीचा. शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. काही काळ अमरावतीस शिक्षकी केली, मग कायद्याची पदवी घेतली आणि यवतमाळला वकिली मांडली. वृत्तीने पंडित, संस्कृतात मुरलेले. राजकारणात टिळकांचे अनुयायी. होमरूलच्या चळवळीत ते होते आणि वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले.

या 'वऱ्हाड प्रांतिक' शब्दांपाशी जरा थांबले पाहिजे. १९२० साली नागपूरला जी काँग्रेस भरली, तिने आपले प्रांत भाषेप्रमाणे पाडले. पण मराठी मुलखाचा एक प्रांत तिने केला नाही. पुण्याकडचा महाराष्ट्र निराळा, मुंबई शहर निराळे, नागपूरकडचा मराठी मध्यप्रांत निराळा आणि वऱ्हाड निराळे. कारण इतिहासच तसा घडला होता. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाकडे होते, मग ते इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि पुढे मध्यप्रांताला जोडले गेले. नागपूर भोसल्यांचे होते. ते इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ साली मध्यप्रांताची राजधानी केली. पेशव्यांचा मुलूख तिसऱ्याच वाटेने मुंबई इलाख्यात गेला. भाषा एक, पण दप्तर, वसुली, कोर्टकचेरी सारे वेगवेगळे. एका आईची लेकरे, पण तीन घरी वाढलेली. १ ऑक्टोबर १९३८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने वेगळ्या विदर्भाचा ठराव केला, तो या पार्श्वभूमीवर. म्हणजे ही मागणी १९५६ च्या रुसव्यातून जन्मलेली नव्हे.

आता बापूजींच्या देशभक्तीकडे वळू. १९२८ साली भारताच्या घटनेचा आराखडा करणाऱ्या मोतीलाल नेहरू समितीवर ते सदस्य होते. १९३० साल उजाडले आणि गांधीजी दांडीला मीठ उचलावयास निघाले. वऱ्हाडला समुद्र कुठला? अकोल्याजवळ दहिहांड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या. तेथे मीठ करून लोकांनी कायदा मोडला. पण साऱ्या वऱ्हाडाला पुरेल असा कायदा मोडावयाचा तर तो जंगलाचा. सरकारने राने राखीव केली होती. ज्या गवतावर गावाची गुरे पिढ्यान् पिढ्या जगली, ते कापणे हा गुन्हा ठरला होता. त्या वर्षीच्या जुलैत बापूजींनी पुसदजवळ राखीव रानात शिरून गवत कापले आणि तुरुंगाची वाट धरली. पन्नाशीला टेकलेला, केंद्रीय विधिमंडळात बसलेला वकील विळा घेऊन गवत कापतो, हे दृश्य शेतकऱ्याला मीठ उचलण्यापेक्षा अधिक कळले असेल. पुढे १९३३ साली, काँग्रेस बेकायदा ठरलेली असताना, तिच्या हंगामी अध्यक्षपदाचे ओझे याच माणसाच्या खांद्यावर होते.

ज्याला अध्यक्षपद मिळाले तो सहसा पक्ष सोडत नाही. बापूजी एका वर्षातच वेगळ्या वाटेने गेले. इंग्रजांच्या जातीय निवाड्याने मतदारसंघ धर्मावर वाटले होते, आणि काँग्रेसचे धोरण ठरले की तो निवाडा स्वीकारावयाचा नाही आणि नाकारावयाचाही नाही. बापूजींना हे मधले बोलणे मानवेना. पंडित मदनमोहन मालवीय आणि ते, दोघेही काँग्रेसच्या पार्लमेंटरी बोर्डातून बाहेर पडले आणि १९३४ साली त्यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रसंग आला तो १९४२ साली. आदल्या वर्षी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात हिंदी सभासद वाढवले गेले होते, आणि बापूजींनी त्यांतील एक जागा घेतली होती. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते. ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची ठिणगी पडली आणि आमच्या चांदा जिल्ह्यात चिमूर पेटले. जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले आणि त्यानंतर आलेल्या फौजेने गावावर, विशेषतः स्त्रियांवर, जे अत्याचार केले ते सांगताना जुन्या माणसांचा आवाज बसत असे. सेवाग्रामचे प्राध्यापक भणसाळी तडक दिल्लीला गेले आणि उपोषणाला बसले ते बापूजींच्याच दारात. मागणी साधी होती. तुम्ही विदर्भाचे, सरकारात बसलेले. चिमूरला चला आणि डोळ्यांनी पाहा, नाही तर राजीनामा द्या.

बापूजींनी त्या वेळी राजीनामा दिला नाही. भणसाळींना दिल्लीतून हलवण्यात आले. त्यांचे उपोषण पुढे दोन महिन्यांवर चालले. हा प्रसंग चरित्रनायकाला शोभत नाही म्हणून वगळणारे चरित्रकार असतील. मला तो वगळावासा वाटत नाही. आत राहून काही करता येईल ही आशा, आणि बाहेर आपली माणसे भाजून निघत आहेत ही जाणीव, यांच्या कात्रीत सापडलेला माणूस येथे दिसतो. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान महालात एकवीस दिवसांचे उपोषण आरंभले. सरकार त्यांना सोडावयास तयार होईना, तेव्हा होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह बापूजी त्या मंडळातून बाहेर पडले. चिमूरच्या वेळी न घडलेली गोष्ट तीन महिन्यांनी घडली. उशीर झाला असे कोणी म्हणेल, पण खुर्ची सोडली हे कोणास नाकारता येणार नाही.

त्याच वर्षी ते सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले, तेथे १९४७ पर्यंत राहिले. मग १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल. बहात्तर वर्षांचे वय, देशभर मान, संस्कृतचा व्यासंग. सामान्यतः येथे चरित्र संपते आणि नातवंडांचा अध्याय सुरू होतो. बापूजींच्या आयुष्याचा सर्वांत झुंजार भाग मात्र येथून पुढे आहे.

डिसेंबर १९५३ मध्ये राज्यपुनर्रचना आयोग नेमला गेला. फाजल अली अध्यक्ष, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर सदस्य. त्याच्या आधीच, २८ सप्टेंबरला, पश्चिम महाराष्ट्र आणि विदर्भ यांच्या काही पुढाऱ्यांनी नागपूर करार केला होता: सर्वांनी एकत्र यावे, विदर्भाला त्याचा वाटा मिळावा, विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला भरावे. १९५५ साली आयोगाचा अहवाल आला आणि त्यात आठ जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भाची शिफारस होती. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा. हा मुलूख आपल्या उत्पन्नावर उभा राहू शकतो, असे आयोगाचे मत पडले. आमच्या पंचक्रोशीत कोळशाच्या खाणी, पुढे मनसरला मँगनीज, वर्धेकडे आणि वऱ्हाडात कापूस, चांद्याला जंगल. ही बेरीज आम्हाला नवी नव्हती. परंतु शिफारस कागदावर राहिली, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला.

नागपूरच्या खासदार अनसूयाबाई काळे १९५८ साली वारल्या. चिमूर-आष्टीच्या फाशीच्या कैद्यांसाठी जिवाचे रान करणाऱ्या याच त्या बाई. त्यांच्या रिकाम्या जागेसाठी १९५९ साली पोटनिवडणूक झाली आणि ऐंशीच्या घरातले बापूजी अपक्ष म्हणून उभे राहिले. पाठीशी नागविदर्भ आंदोलन समिती. समोर काँग्रेस, म्हणजे ज्या घराचे ते एके काळी हंगामी कर्ते होते ते घर. बापूजी निवडून आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. तरी १९६२ साली नागपूरने पुन्हा त्यांनाच लोकसभेत पाठवले. मंगलकलश आल्यानंतरचा हा कौल आहे, हे ध्यानात घ्यावे.

जगाच्या पाठीवर असे म्हातारे विरळा. स्पेनमध्ये कॅटलोनिया नावाचा प्रांत आहे. तेथील जोसेप टारादेयास हे पुढारी १९३९ साली देशोधडीला लागले, परदेशात राहून त्यांनी आपल्या प्रांताच्या अध्यक्षपदाचा वारसा सांभाळला आणि १९७७ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, बार्सिलोनाला परतून ते स्वायत्त कारभाराचे प्रमुख झाले. पण त्यांच्या हाती एक हुकमाचे पान होते. कॅटलन लोकांची भाषा स्पॅनिशहून निराळी. आमची भाषा वेगळी, म्हणून आमचा कारभार वेगळा, एवढे म्हटले की ऐकणाऱ्यास कळते. बापूजींच्या हाती ते पान नव्हते. ज्यांच्यापासून वेगळे व्हावयाचे त्यांचीही भाषा मराठीच, त्यांचेही टिळक तेच. म्हणून त्यांची लढाई अधिक कठीण होती, आणि मला वाटते, अधिक विचार करावयास लावणारी होती. भाषा माणसांना जवळ आणते हे खरे. पण जवळ येणे म्हणजे एकाच चुलीवर शिजवणे, असे कोठे आहे? दोन भाऊ वेगळे राहिले तरी दिवाळीचा फराळ एकमेकांकडे जातो. आणि एकत्र राहून ताटातल्या वाढपावरून रोज कुरबुर चालली, तर फराळही कडू लागतो.

वाढपाची कुरबुर चाललीच होती. विकासात मागे पडलेल्या भागांचा 'अनुशेष' मोजण्यासाठी महाराष्ट्र सरकारलाच दांडेकर समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९८४ साली आला आणि त्यानंतर 'अनुशेष' हा शब्द विदर्भात शेतकऱ्याच्याही तोंडी बसला. फाजल अली आयोगाने तेलंगणाचाही प्रदेश वेगळा ठेवण्याचे सुचवले होते. ते राज्य २ जून २०१४ रोजी झाले; तेलुगू माणसाच्या दोन चुली झाल्या आणि तेलुगू भाषा काही आटली नाही. दोन शिफारशींपैकी एक एकोणसाठ वर्षांनी फळली, दुसरी तशीच आहे.

बापूजी २६ जानेवारी १९६८ रोजी गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले. ज्या सरकारी पक्षाशी ते आयुष्याच्या अखेरीस भांडले त्याच्याच राजवटीत हा मान मिळाला, हे दोन्ही बाजूंच्या मोठेपणाचे लक्षण मानावे. त्यांनी टिळकांवर 'श्रीतिलकयशोऽर्णवः' हे संस्कृत महाकाव्य लिहिले होते. त्याला १९७३ साली, त्यांच्या पश्चात, साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले. विदर्भाचा कैवारी म्हणून ज्याला संकुचित म्हटले गेले, त्याने आपली सारी विद्या वाहिली ती रत्नागिरीत जन्मून पुण्याला वाढलेल्या माणसाच्या चरणी. या एका गोष्टीने संकुचितपणाचा आरोप गळून पडतो.

बापूजींचे नातू श्रीहरी अणे महाराष्ट्राचे महाधिवक्ता झाले. वेगळ्या राज्याच्या बाजूने ते जाहीरपणे बोलले, गदारोळ उठला आणि मार्च २०१६ मध्ये त्यांनीही पद सोडले. घराण्यात जमीनजुमला उतरतो, चेहरेपट्टी उतरते. राजीनामा उतरल्याचे मी हे एकच उदाहरण पाहिले.

विदर्भ वेगळा व्हावा की न व्हावा, याचा निकाल मी देत नाही. आमच्या गावात एका ओसरीवर याची दोन मते सापडतात. पण मत बाळगावे तर कसे बाळगावे, हे बापूजींकडून शिकण्यासारखे आहे. पक्षाचे पटले नाही, पक्षाचे बोर्ड सोडले. सरकारचे पटले नाही, उशिरा का होईना, सरकार सोडले. विदर्भाचे पटले, तेव्हा विश्रांती सोडली. देशावरचे प्रेम आणि वणीवरचे प्रेम यांत त्यांना कधी भांडण दिसले नाही. ज्याच्या मनात ती दोन्ही एकत्र नांदतात, त्याने वेगळी चूल मागितली तरी घर मोडत नाही.